किल्ल्याचे चित्र आणि नामाची उतरंड : अठराव्या शतकातील डच छापचित्रे व वसईचा कोट

१

किल्ल्याचे चित्र समोर आले म्हणजे आपण प्रथम वास्तू पाहतो, नंतर तिचा काळ विचारतो आणि बहुधा तेथेच थांबतो. चित्राखाली काय लिहिले आहे आणि चित्राच्या तळाशी कोण उभे आहे, या दोन गोष्टींकडे कलासमीक्षेत द्यावे तितके लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या दोन गोष्टींचाच विचार करावयाचा आहे. त्यासाठी अठराव्या शतकातील डच दुर्गचित्रांचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या किल्ल्यांच्या चित्रांचा, प्रामुख्याने आधार घेतला असून त्यांच्या शेजारी वसईच्या कोटाची चित्रे व शिलालेख ठेवले आहेत. हे विवेचन भाषेच्या अभ्यासकाचे आहे. रेषा, छायाप्रकाश आणि रचना यांचे संपूर्ण मूल्यमापन येथे अभिप्रेत नाही.

मुख्य प्रतिपादन थोडक्यात असे सांगता येईल : किल्ल्याच्या चित्रातील सामाजिक वर्ग ओळखण्याची अधिक भरवशाची खूण पोशाखात किंवा वास्तूच्या भव्यतेत सापडत नाही, ती नामकरणात सापडते. कोणाला विशेषनाम मिळते, कोणाला केवळ सामान्यनाम मिळते आणि कोणाला कोणतेच नाम मिळत नाही, हे पाहिले की चित्रामागील समाजाची उतरंड स्पष्ट होते. डच छापचित्रांत ही उतरंड सुव्यवस्थित स्वरूपात आढळते. वसईत ती विखुरलेल्या स्वरूपात आढळते. परंतु आढळते ती तीच.

२

डच प्रजासत्ताकाची सामाजिक घडण ध्यानात घेतल्याखेरीज या चित्रांचा अर्थ लागत नाही. स्पेनच्या राजाचे आधिपत्य १५८१ साली झुगारून दिल्यानंतर त्या देशात नवे सरदार निर्माण करणारा राजाच उरला नाही. प्रांतांच्या सभा कोणास सरदारकी देत नसत. परिणामी जुनी सरदार घराणी निपुत्रिक होऊन एकामागून एक नामशेष होऊ लागली आणि त्यांची जागा भरून निघण्याचा राजमार्ग बंद राहिला. दुसरीकडे व्यापारी आणि नगरशासक यांच्या हाती संपत्ती व सत्ता एकवटली होती. ज्याच्याजवळ सर्व काही आहे पण कुळी नाही, अशा या वर्गाला कुळीचा पर्याय हवा होता. तो त्याला जमिनीत, जहागिरीच्या हक्कांत आणि जुन्या किल्ल्यांत सापडला.

उट्रेख्त प्रांताचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील प्रांतिक सभेने १५३६ साली काही किल्लेवजा वाड्यांना 'रिडरहोफस्टाट' म्हणून मान्यता दिली. 'रिडर' म्हणजे सरदार आणि 'होफस्टाट' म्हणजे वास्तुभूमी. सरदाराची गढी असे त्याचे मराठी करता येईल. प्रांताच्या सरदारमंडळात बसण्यासाठी कुलीन जन्माबरोबर अशी गढी जवळ असणेही आवश्यक मानले जाई. जन्म विकत घेता येत नव्हता. गढी घेता येत होती. गढीबरोबर किंवा जहागिरीबरोबर 'अमुक गावचा स्वामी' हे बिरुदही घेता येत होते. यामुळे किल्ला ही राहण्याची वास्तू होती त्याहून अधिक नावापुढे लावावयाची वस्तू झाली.

किल्ल्यांच्या चित्रांना बाजारपेठ मिळाली ती या पार्श्वभूमीवर. रुलांत रोगमन या चित्रकाराने १६४६-४७ च्या सुमारास हॉलंड व उट्रेख्तमधील किल्ल्यांची सुमारे अडीचशे रेखाचित्रे काढली होती. पुढील शतकात ही आवड संग्राहकांच्या छंदाचे रूप घेऊ लागली. आब्राहाम राडेमाकर याचा डच पुरावास्तू व देखावे यांचा 'काबिनेट' हा तीनशे छापचित्रांचा संग्रह १७२५ साली प्रसिद्ध झाला. ॲमस्टरडॅमचा कापडव्यापारी आंद्रीस स्खूमाकर हा कोर्नेलिस प्रोंक आणि आब्राहाम द हान या चित्रकारांना बरोबर घेऊन गावोगाव हिंडला व जुन्या वास्तूंची वर्णने आणि चित्रे जमवीत राहिला. प्रोंकचा शिष्य यान द बेयर, कोरणावळ करणारा हेंड्रिक स्पिलमन आणि प्रकाशक इसाक तिरियोन यांच्या पिढीत 'फरहेर्लिक्ट नेडरलांड' म्हणजे 'गौरवान्वित नेदरलँड' ही चित्रमाला निघाली. तिचा काळ १७४५ ते १७७४ असा आहे. कापडाचा व्यापारी सरदारांच्या पडक्या किल्ल्यांची चित्रे जमवितो, ही या सर्व व्यवहारातील लक्षणीय गोष्ट होय.

३

आता चित्रलेखांकडे, म्हणजे चित्राखाली कोरलेल्या मजकुराकडे वळू. त्यात पहिले स्थान वास्तूच्या विशेषनामाचे असते. वास्तूचा प्रकार सांगण्यासाठी डच भाषेत 'कास्टेल', 'स्लोट' आणि 'हॉइस' असे शब्द येतात. यांपैकी 'हॉइस' म्हणजे निव्वळ घर. परंतु प्रतिष्ठेच्या दृष्टीने हा साधा शब्द मुळीच कमी नाही. 'ब्रेडरोडेचे घर' म्हटले म्हणजे वास्तू आणि वंश या दोहोंचा एकदम बोध होतो. मराठीत 'घर' या शब्दापासून 'घराणे' झाले, त्या प्रक्रियेशी हे ताडून पाहावे. आपल्याकडे अर्थभेदासाठी प्रत्यय लागला. डच भाषेत एकाच शब्दाने दोन्ही कामे केली. म्हणून पडक्या भिंतींच्या चित्राखाली 'घर' हा शब्द आला तरी वाचक त्यातून वंशही वाचीत असे.

ब्रेडरोडेचा किल्ला १५७३ साली स्पॅनिश सैन्याने जाळला. ते घराणे १६७९ साली खुंटले. अठराव्या शतकातील ग्राहकाने या किल्ल्याचे चित्र विकत घेतले, तेव्हा त्याच्या हाती भग्न वास्तू आणि वारस नसलेले नाव एवढेच येत होते. राडेमाकरच्या अनेक चित्रलेखांत वास्तूच्या नावापुढे एखादे जुने वर्ष दिलेले असते. त्या वर्षी ती वास्तू कशी होती हे चित्र दाखविते, असा दावा त्यात असतो. जुन्या रेखाचित्रांवरून ही चित्रे केलेली असत. म्हणजे चित्रलेखातील वर्ष हे चित्रकाराने पाहिलेले वर्ष नव्हे. प्राचीनत्वाची ती एक साक्षच म्हणावयास हवी. सरदारकीचे मोल प्राचीनत्वात असल्यामुळे असे वर्ष कोरणे ही केवळ पुराणवस्तुसंशोधकाची काटेकोरी नव्हती.

चित्रलेखाचे दुसरे अंग षष्ठी विभक्तीचे आहे. फेख्त नदीच्या काठी ॲमस्टरडॅमच्या धनिकांनी उभारलेल्या उद्यानगृहांची चित्रे दानिएल स्तोपेंदाल याने कोरली. 'विजयी फेख्त' या अर्थाच्या नावाने तो संग्रह १७१९ साली निघाला. अशा संग्रहांत घर कोणाचे हे सांगितले जाते, आणि मालकाच्या नावापुढे त्याच्या जहागिरीचे नाव येते. फेख्तकाठच्या मार्सन येथील खौडेस्टाइन हे हॉयडेकोपर कुटुंबाचे घर या संग्रहात आहे. 'हॉयडेकोपर' या आडनावाचा अर्थच मुळी 'कातडी विकत घेणारा' असा आहे. या कुटुंबाचा पूर्वापार धंदा चामड्याचा होता. सतराव्या शतकात योआन हॉयडेकोपर (१५९९–१६६१) हा मार्सफेन या जहागिरीचा स्वामी झाला आणि धंदा सांगणाऱ्या आडनावाला स्वामित्व सांगणारे 'फान मार्सफेन' हे शेपूट जोडले गेले. त्याचाच योआन नावाचा मुलगा (१६२५–१७०४) ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. एका नामसमूहात कुटुंबाचा दोन पिढ्यांचा सामाजिक प्रवास उतरला आहे. चित्रातील वृक्षराजी आणि फाटके पाहून जे अनुमानाने कळते, ते या दोन शब्दांत स्पष्ट लिहिलेले आहे.

४

चित्राच्या वरच्या व मधल्या भागात वास्तू असते. तळाशी माणसे असतात. गुराखी, गळ टाकून बसलेला मनुष्य, होडी वल्हविणारा, शिकारी व त्याचे कुत्रे, पाठीवर ओझे घेऊन जाणारी स्त्री, आणि यांच्या जोडीला काठीने किंवा हाताने किल्ल्याकडे निर्देश करणारे दोन सद्‌गृहस्थ, असा हा ठरावीक परिवार आहे. देखाव्याच्या चित्रात अशी माणसे घालण्याला चित्रव्यवसायात 'स्टाफाज' असे म्हणतात. शब्दाचे वळण फ्रेंच भासते. परंतु फ्रेंच प्रत्यय एका जर्मनिक वळणाच्या क्रियापदाला लागून तो बनला आहे आणि त्या क्रियापदाचा अर्थ 'सामानसुमानाने सजविणे, भरणे' असा होतो. चित्रातील माणसांसाठी 'भरणा' या अर्थाचा शब्द वापरावा, यातच त्यांचे स्थान सांगितले गेले आहे. किल्ल्याला नाव आहे, मालकाला नाव आहे, वर्षाला आकडा आहे. भरण्याला काहीही नाही.

तथापि या अनामिकांतही दोन थर आहेत, हे नजरेआड करून चालणार नाही. निर्देश करणारे सद्‌गृहस्थ पाहण्याचे काम करतात; गुराखी आणि नावाडी यांची पाठ बहुधा किल्ल्याकडे असते. ज्याला पाहण्याची सवड आहे तो चित्र विकत घेणाऱ्याच्या वर्गातला आहे. ग्राहक चित्रात स्वतःला ओळखतो तो किल्ल्याच्या मालकात नव्हे, त्या निर्देश करणाऱ्या माणसात. सरदारांचा किल्ला, त्याकडे बोट दाखविणारा नागरिक आणि पाठ फिरवून कामात गढलेला कष्टकरी असे तीन वर्ग एका लहानशा कागदावर यामुळे मांडले जातात.

कलेच्या दृष्टीने या चित्रांची प्रतवारी करावयाची झाल्यास राडेमाकरचे स्थान वरचे नाही. त्याची चित्रे आकाराने लहान, रचनेने एकसुरी आणि झाडांच्या बाबतीत तर सरळ सरळ साचेबंद आहेत. प्रोंक आणि द बेयर यांची नजर अधिक प्रामाणिक आहे. भिंतीला टेकवलेले शिडीसारखे क्षुल्लक सामान किंवा खंदकाच्या काठची झोपडी त्यांना टाळावीशी वाटत नाही. परंतु येथे एक विपरीत गोष्ट घडते. चित्र जितके अचूक, तितके त्याला 'पुरावा' म्हणून वापरण्याचा मोह अधिक. आणि पुरावा म्हणून वापरताना आपण पुन्हा भिंतींचाच पुरावा घेतो. साचेबंद चित्रात माणसे उघडच खोटी असल्याने वाचक सावध राहतो. अचूक चित्रात माणसांचे अनामिकपणही वस्तुस्थितीचा भाग वाटू लागते. म्हणून समीक्षकाने अधिक सावध राहावयाचे ते चांगल्या चित्राच्या बाबतीत.

५

डच छापचित्रांत माणसांना नाव मिळतच नाही असे मात्र नाही. त्यासाठी किल्ल्यांपासून दूर, आपल्या किनाऱ्याकडे यावे लागते. यान हौखेन फान लिन्स्खोतेन हा गोव्यात आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच मनुष्य. त्याचा 'इटिनरारियो' हा प्रवासग्रंथ १५९६ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे फान दुतेकुम बंधूंनी कोरली. त्यांत घोड्यावर किंवा पालखीत बसून जाणारा पोर्तुगीज उमराव आहे, डोक्यावर छत्री धरणारा नोकर आहे, गोव्याचा भरलेला बाजार आहे, ब्राह्मण आहे, वाणी आहे, कुणबी आहे. या चित्रांना लॅटिन व डच भाषांत चित्रलेख आहेत. परंतु त्यांतील नामे सर्व सामान्यनामे आहेत. ब्राह्मण हा 'एक ब्राह्मण' नसून ब्राह्मणांचा नमुना आहे. कुणबी हा कुणब्यांचा नमुना आहे. हॉलंडमधील गुराख्याला सामान्यनामसुद्धा मिळत नाही, कारण तो तेथील वाचकाच्या रोजच्या परिचयाचा. येथील कुणब्याला सामान्यनाम मिळते, कारण तो परका. दोघांनाही विशेषनाम मात्र मिळत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. केरळमधील डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने सिद्ध करविलेला वनस्पतींचा बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रशस्तिपत्र आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे निवेदन छापले आहे. फान रेडे याच्या नावाला द्राकेस्टाइन या किल्ल्याचे नाव जोडलेले होते. १६९१ साली सुरतेकडे जाताना मुंबईजवळच्या समुद्रात तो मृत्यू पावला आणि सुरतेस त्याची भव्य समाधी झाली. या अपवादाने नियम अधिक स्पष्ट होतो. विद्येचा अधिकार असलेल्यांना नाव आणि स्वतःची लिपी मिळाली. रानातून पाने, फुले आणि फळे तोडून आणणारे हात त्याच ग्रंथात अनामिक राहिले.

मराठीनेही या परकीयांना नामे दिली होती. आज्ञापत्रात टोपीकरांच्या यादीत डचांना 'वलंदेज' म्हटले आहे. 'ओलांदेझ' या पोर्तुगीज शब्दाचे ते मराठी रूप होय. वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती आणि तिची तटबंदीची इमारत भग्नावस्थेत आजही उभी आहे. वलंदेज, फिरंगी, इंग्रज ही सर्व सामान्यनामेच. परका मनुष्य सामान्यनामाने ओळखणे ही काही एका समाजाची मक्तेदारी नव्हती, एवढे यावरून नमूद करावे.

६

आता वसईकडे वळू. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे आली आणि पुढे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाली. येथे मोठ्या संख्येने राहणाऱ्या उमरावांना 'फिदाल्गु' म्हणत. 'फिल्यु द आल्गु', म्हणजे 'काहीतरी असलेल्याचा पुत्र', अशी या शब्दाची व्युत्पत्ती दिली जाते. शब्दातच पुत्रत्व असल्यामुळे त्याचा भर जन्मावर आहे. डच व्यापाऱ्याला जी गोष्ट विकत मिळत नव्हती तीच या नावात अध्याहृत आहे.

वसईच्या कोटाचे एक प्रसिद्ध चित्र १६३५ चे आहे. अंतोनियु बोकारु याने राजाज्ञेवरून लिहिलेल्या, पौर्वात्य पोर्तुगीज राज्यातील किल्ल्यांच्या वृत्तान्तासाठी पेद्रु बारेतु द रेझेंद याने नकाशे काढले. एव्होरा येथील हस्तलिखितात ते जतन केलेले आहेत. हे छापचित्र नव्हे, हस्तलिखितातील रंगीत आलेखन होय. त्याचा उद्देशही निराळा : तट, बुरूज आणि चर्चे राजाच्या डोळ्यांसमोर यावीत यासाठी ते काढले गेले. माणसे चित्रात नाहीत. ती वृत्तान्तात आहेत आणि तेथे त्यांची वर्गवार गणना आहे : पोर्तुगीज गृहस्थ, देशी ख्रिस्ती गृहस्थ आणि त्यांचे शस्त्र धरू शकणारे गुलाम. म्हणजे चित्राला विशेषनामे आणि मजकुराला सामान्यनामे, अशी कामाची वाटणी झाली आहे.

हॉलंडमध्ये होता तसा छापचित्रांचा बाजार वसईत नव्हता. म्हणून फिदाल्गूंनी नावे कोरली ती तांब्यावर नव्हे, दगडावर. सेंट सेबास्टियन बुरुजावरील १५५४ चा लेख राजा, व्हाइसरॉय आणि किल्ल्याचा कप्तान यांची नावे देतो. सेंट अँथनीच्या नावाच्या फ्रान्सिस्कन चर्चच्या भूमीत समाधिशिलांच्या रांगा आहेत. काहींवर घराण्यांच्या ढाली कोरलेल्या आहेत. त्यांची भाषा ठरावीक साच्याची असते : ही समाधी अमुकाची, त्याच्या पत्नीची व त्याच्या वारसांची. फेख्तकाठच्या चित्रलेखातील षष्ठी विभक्ती येथे समाधीला लागलेली आहे. किल्ल्याच्या मालकीचा दावा एका ठिकाणी जिवंतांसाठी आणि दुसऱ्या ठिकाणी मृतांसाठी केला गेला, परंतु वाक्यरचना तीच राहिली.

या लेखांच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे चांगली आहे. डॉ. जोझे गेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील सचित्र इंग्रजी ग्रंथ १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. ब्राझ फर्नांडिस यांनी संकलित केलेला वसईतील राजचिन्हे व कोरीव लेख यांवरील ग्रंथ १९५७ साली लिस्बनला पोर्तुगीज भाषेत निघाला. या दोघांच्या परिश्रमांचे ऋण मान्य करूनच म्हणावे लागते, की दोन्ही ग्रंथ दगडावरील नामांच्या मागे गेले आणि जेथे नाम नाही तेथे थांबले. साधनांची मर्यादा होती, हे खरे. पण साधने कोणती मानावयाची हाही निर्णयच असतो.

हॉलंडमध्ये १७९५ च्या राज्यक्रांतीनंतर घराण्यांची मानचिन्हे काढून टाकण्याचे हुकूम निघाले आणि अनेक चर्चमधील समाधिशिलांवरच्या ढाली छिन्नीने सपाट करण्यात आल्या. वसईत क्रांती झाली नाही, सत्तांतर झाले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तहान्वये पोर्तुगीज सैन्य बाहेर पडले. समाधिशिलांवरील ढाली कोणी मुद्दाम पुसल्या नाहीत. त्या पावसाने व पायदळी तुडविल्याने झिजत राहिल्या. विजयाच्या आपल्या कथनातही नामाची उतरंड बदलली नाही, हे मान्य केले पाहिजे. सेनापतीचे विशेषनाम शिल्लक राहिले, फौजेला 'मराठे' हे सामान्यनाम मिळाले, आणि तटाखाली सुरुंग खणणाऱ्यांना काहीच मिळाले नाही.

७

मग हा कोट बांधणाऱ्या, त्याला पाणी, मासळी आणि धान्य पुरविणाऱ्या माणसांचा काही मागमूस उरला आहे काय? चित्रात तो नाही, दगडावर नाही. भाषेत तो आहे. मराठीत पोर्तुगीजमधून आलेल्या शब्दांची यादी पाहावी : मेस्त्री, घमेले, बिजागरी, पिंप, चावी, बालदी, पगार, लिलाव, तुरुंग. 'मेस्त्री' हा 'मेश्त्र' म्हणजे कसबी उस्ताद. 'घमेले' हे 'गामेला'. 'बिजागरी' ही 'बिसाग्रा'. 'तुरुंग' हा 'त्रोंकु' म्हणजे कैद्याला अडकविण्याचा ओंडका. हे शब्द केवळ वसईत आले असे म्हणता येणार नाही; गोव्यापासून दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर ते वेगवेगळ्या ठिकाणी शिरले असणार. परंतु ते कोणत्या तोंडांतून शिरले याविषयी फारशी शंका नाही. उमरावांच्या ढाली, बिरुदे आणि दरबारी मानपान यांचे शब्द मराठीने जवळजवळ घेतलेच नाहीत. घेतले ते बांधकामाचे, घरकामाचे, मजुरीचे आणि शिक्षेचे. जो घमेले उचलीत होता त्याने घमेल्याचे नाव जतन केले. चित्रातील 'भरण्या'ने आपले नाव मागे ठेवले नाही, पण आपल्या हातातील वस्तूंची नावे ठेवली.

दुसरे उदाहरण 'कूळ' या मराठी शब्दाचे. कुळाचा अभिमान बाळगणारा तो कुलीन. आणि दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळच. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यातील कूळ हे दुसऱ्या अर्थाचे. एकाच शब्दात उतरंडीचे वरचे व खालचे टोक सामावले आहे. लेखी इतिहासाने ज्या कुळांची दखल घेतली ती पहिल्या अर्थाची. वसई तालुक्यातील जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या त्या दुसऱ्या अर्थाच्या कुळांनी.

तिसरे उदाहरण स्थलनामाचे. कोटाला लागून असलेली कोळ्यांची वस्ती 'किल्लाबंदर' म्हणून ओळखली जाते. येथे किल्ला हे पूर्वपद आणि बंदर हे उत्तरपद. तत्पुरुष समासात प्राधान्य उत्तरपदाला असते. किल्ल्याच्या चित्रात होड्या भरण्यासाठी येतात. या नावात किल्ला विशेषण होऊन बंदराच्या दिमतीला उभा आहे. वस्ती जिवंत आहे आणि किल्ला ओस आहे, ही वस्तुस्थिती व्याकरणानेही नोंदविली आहे.

८

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की छापचित्र हे जनगणनेचे पत्रक नव्हे. गुराख्याचे नाव त्यात शोधणे म्हणजे चित्राकडे जे मागू नये ते मागणे होय. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. राडेमाकरने गुराख्याचे नाव लिहावयास हवे होते, असे कोणीही म्हणत नाही. प्रश्न चित्रकाराच्या नीतीचा नसून आपल्या वाचनाचा आहे. ज्या चित्रात नावे देण्याची प्रथा आहे त्यात कोणाला नाव नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण असते. सर्वच अनामिक असतील तेथे ती तशी नसते.

दुसरा आक्षेप असा, की भरण्याची माणसे हा निव्वळ संकेत आहे आणि संकेतातून समाजशास्त्र काढणे धोक्याचे आहे. यास उत्तर असे, की भाषाही संकेतच आहे, आणि तरीही तिच्यातील आदरार्थी बहुवचनावरून आपण सामाजिक संबंध निश्चित करतो. संकेत हा एका माणसाचा नसतो, समाजाचा असतो. म्हणूनच समाजाविषयी तो एका चित्रकाराच्या हेतूपेक्षा अधिक सांगतो.

अलीकडच्या काळात या उतरंडीला एक नवे वळण लागले आहे. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २०१६ मधील एका गीताच्या चित्रफितीचे काही चित्रण वसईच्या कोटात झाले. जगभर कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. पण दृश्यांत या स्थळाचे नाव कोठे येत नाही. किल्ला तेथे 'भारतातील एक भग्न वास्तू' एवढाच उरतो. तीन शतकांपूर्वी ज्याच्या भोवतीची माणसे भरणा होती, तो आता स्वतःच भरणा झाला. विशेषनाम ही कायमची मालमत्ता नव्हे, हे यावरून दिसते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यातून एक प्रत्यक्ष काम निघते. ॲमस्टरडॅमच्या रेइक्सम्यूझियमने आपल्या संग्रहातील असंख्य छापचित्रांच्या प्रतिमा आंतरजालावर सर्वांना खुल्या केल्या आहेत. त्यामुळे मूळ चित्रे व चित्रलेख ताडून पाहणे वसईत बसूनही शक्य आहे. त्याच पद्धतीने वसईच्या कोटाची जुनी आलेखने, छायाचित्रे आणि कोरीव लेख यांची एक वर्णनात्मक सूची विभागाने करावी. तीत प्रत्येक नोंदीखाली तीन रकाने असावेत : विशेषनामाने आलेले, सामान्यनामाने आलेले आणि अनामिक. याच्या जोडीला सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी व वारली बोलींतील बांधकाम, होडी, शेती आणि घरकाम यांचे शब्द वृद्ध भाषकांकडून टिपून घ्यावेत. दगडावरील अक्षरे द कुन्हा आणि फर्नांडिस यांनी वेळीच उतरवून घेतली, म्हणून झिजल्यानंतरही ती आपल्या हाती आहेत. वसई-विरार परिसराचे नागरीकरण ज्या वेगाने चालले आहे तो पाहता, बोलींतील शब्दांना दगडाइतकाही अवधी मिळेल असे दिसत नाही. म्हणून दोन कामांपैकी शब्दसंग्रहाचे काम आधी हाती घ्यावे.